चेहरा न दाखवता माणूस दाखवायचा असेल तर

लग्नाच्या फोटोत आम्ही आधी चेहरा पकडतो. आश्रय मागणाऱ्याच्या गोष्टीत तो शेवटी घ्यायचा, आणि बहुतेकदा नाहीच. हर्णैला माझा छोटा स्टुडिओ आहे. पुण्यात शिकणारा भाचा सुट्टीत आपल्या अफगाण मित्राला घेऊन येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं आणि या पोराचं घरी जाणं थांबलं. आईवडील तिथेच आहेत. त्याचा चेहरा इथे कुणाच्या मोबाईलवर फिरला, तर त्रास तिकडे त्यांना होऊ शकतो. हे डोक्यात पक्कं असेल तरच कॅमेऱ्याला हात लावा.

पहिल्या बैठकीला कॅमेरा नकोच. चहा, घावणे, गप्पा. 'परत का जात नाहीस?' हे त्याला कचेऱ्यांतून विचारून झालेलं असतं. तुम्ही विचारा, घरून काय आणलंस, त्यातलं काय उरलंय? आमच्या पाहुण्याने प्लास्टिकचा डबा काढला. आत आईने गच्चीवर वाळवलेली तुती, मूठभर. आपल्या दमट हवेत बुरशी धरेल म्हणून आमच्या हिने त्यात तांदळाची पुरचुंडी ठेवून दिली. तो डबा खिडकीपाशी ठेवून आडव्या उजेडात काढला. फ्लॅश नाही, सजावट नाही.

माणूस हवाच असेल तर आपला किनारा पश्चिमेकडे बघतो, त्याचा फायदा घ्या. संध्याकाळी त्याला समुद्राच्या बाजूला उभं करा, मोबाईलवर आकाशाला बोट लावून उजेड खाली आणा. माणसाची काळी आकृती होते. नंतर ॲपने चेहरा धुरकट करण्यापेक्षा हे भरवशाचं, कारण धुरकट केलेलं कधीकधी उलगडता येतं. मागे सुवर्णदुर्ग मात्र येऊ देऊ नका, होड्यांवर रंगवलेले नंबरही नकोत. कोळीवाड्यातलं शेंबडं पोरसुद्धा जागा ओळखेल. कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच बंद करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती सहसा निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटोबरोबर जशीच्या तशी जाते.

आता लिहिणं. त्याला त्याच्या दरी भाषेत बोलू द्या, फोनवर रेकॉर्ड करा, मग दोघांनी बसून मराठी करा. 'बिचारा', 'दुर्दैवी' हे शब्द आपण पदरचे घालतो, ते काढा. 'ही तुती आईने गच्चीवर वाळवली' एवढी ओळ त्या फोटोखाली पुरते.

तारखा, वाटेतली गावं, मदत करणाऱ्यांची नावं लिहू नका. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. अफगाण लोकांची नोंदणी आणि मुलाखत दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात होते. तिथे सांगितलेलं आणि तुम्ही छापलेलं यांत एका महिन्याचा फरक पडला तरी त्याच्या बोलण्यावर शंका येऊ शकते. प्रकरण चालू असेल तर मजकूर आधी वकिलाला दाखवा, तो थांबा म्हणाला तर थांबा.

(आमच्याकडे असं काही निघालं की लोक लगेच ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं नाव काढतात. त्याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. त्याला परत जाऊ दिलं नाही. या पोराला परत पाठवतील याची भीती. दोन्ही एका माळेत ओवू नका.)

परवानगी दोनदा घ्या. एकदा काढताना, आणि एकदा फोटो व मजकूर एकत्र लावून दाखवल्यावर. तेव्हा हेही सांगा की नेटवर गेलेलं पुसता येतंच असं नाही. भाच्यासमोर विचारू नका. मित्राच्या मामाला नाही म्हणायला पोरं लाजतात, म्हणून एकट्याला गाठा. आमच्या पाहुण्याने पाठमोरा फोटो वगळायला लावला. चांगला होता, पण गेला.

शेवटी मूळ फाइली पेनड्राइव्हवर त्याला देऊन टाका आणि आपल्या कार्डावरून, कॉम्प्युटरवरून पुसा. फोटो कितीही झकास निघाला असला तरी स्टुडिओच्या काचेत नमुना म्हणून लावायचा नाही.