गोठ्याचं व्यवस्थापन शिकताय? मग हिशोबातल्या या चुका टाळा

दुग्धव्यवसायाच्या प्रशिक्षणात पहिल्याच तासाला मी विचारतो, "महिन्याला किती सुटतात?" उत्तर झटकन येतं आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. मागे एका गावात एकानं सांगितलं, "पंचवीस हजार." पाच गायी, त्यातल्या चार दुभत्या, दिवसाला 48 लिटर दूध डेअरीला. मागच्या रांगेत बसलेली त्याची बायको म्हणाली, "आणि घरी दोन लिटर ठेवतो ते? ते कुठं धरलंय?" त्या एका प्रश्नावर तो अख्खा दिवस चांगला गेला. फळ्यावर मांडलेला तोच हिशोब इथे देतो. तुमच्याकडचे दर वेगळे असतील, रीत तीच.

पगाराला नफा समजणं

डेअरी दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे देते, तोच हा पगार. दहा दिवसांचं 480 लिटर, दर 30 रुपये, म्हणजे 14,400. डेअरीनं पशुखाद्याच्या चार पोत्यांचे 6,000 कापले. हातात 8,400 आले. महिन्याचे 25,200. हेच त्याचे "पंचवीस हजार".

आता जे पावतीवर येत नाही ते धरू. पाच गायींना रोज 20 किलोप्रमाणे हिरवा चारा, 3 रुपये किलोनं. सोबत 5 किलो कडबा, 6 रुपयांनी. दहा दिवसांचे 4,500. "चारा घरचाच आहे की," असं लगेच कोणीतरी म्हणतं. पण तोच मका शेजाऱ्याला विकला असता तर पैसे आले असते, मग गोठ्यानं तो फुकट का खावा?

नवरा-बायकोचे मिळून रोज सहा तास. तासाला 50 धरले तरी दहा दिवसांचे 3,000. डॉक्टर, औषध, खनिज मिश्रण, वीज मिळून 600. शिवाय गायीचा घसारा. 80,000 ला घेतलेली गाय पाच वर्षांनी 30,000 ला गेली, तर वर्षाला 10,000 झिजली. पाच गायींचे वर्षाला 50,000, दहा दिवसांचे साधारण 1,370.

एकूण खर्च 15,470. शेणखताचे 900 वजा केले की 14,570. घरचं धरून दूध 500 लिटर, म्हणजे 15,000 रुपयांचं. उरले 430. महिन्याला 1,290.

सभागृहात सगळे गप्प झाले. मी त्यांना सांगितलं, यात घाबरण्यासारखं काही नाही. गोठा तुमच्या चाऱ्याला गिऱ्हाईक देतोय आणि दोघांची मजुरी काढतोय, ही छोटी गोष्ट नाही. पण सहावी गाय कर्जानं घ्यायची की नाही, हे पंचवीस हजारांकडे बघून ठरवायचं नाही.

हमीभावाच्या आंदोलनात आपण "सी2" खर्च धरा म्हणतो. म्हणजे घरची मजुरी, स्वतःच्या जमिनीचं भाडं, भांडवलावरचं व्याज सगळं खर्चात घ्या. मागणी रास्त आहे. मग तीच मजुरी स्वतःच्या गोठ्यात का विसरायची? विशेषतः बाईची. पहाटे पाचला धार काढणारीचा तास हिशोबात येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गळती भलतीकडे शोधणं

तोटा दिसला की पहिला घाव खाद्यावर पडतो. खाद्य कमी केलं की दूध उतरतं, एसएनएफही (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) घटू शकतो, आणि दर फॅट-एसएनएफवर ठरतो. खरी गळती बहुतेक वेळा भाकड दिवसांत असते. गाय मागच्या वेतानंतर तेरा महिन्यांऐवजी सोळा महिन्यांनी व्याली, तर 90 दिवस जादा पोसावी लागते. वरच्याच दरानं चारा 90 रुपये आणि दोन किलो खाद्य 60 रुपये, दिवसाला 150. तीन महिन्यांचे 13,500, म्हणजे वर्षभराच्या घसाऱ्यापेक्षाही जास्त.

म्हणून वहीत रुपयांआधी तारखा हव्यात. व्याल्याची तारीख, माजाची, भरवल्याची (रेतन केल्याची). भरवून 18 ते 24 दिवसांत गाय उलटली का, म्हणजे पुन्हा माजावर आली का, हे बघायचं. नाही उलटली तरी दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरकडून गाभण तपासून घ्यायची. "राहिली असेल" म्हणून सोडून देऊ नका.

पीककर्जातून गाय घेणं

पीककर्ज वर्षात फेडायचं असतं आणि गाय वर्षात पैसे परत करत नाही. मुदत चुकली की व्याजसवलत जाते, मग नवं-जुनं करत, म्हणजे नव्या कर्जानं जुनं फेडत बसावं लागतं. गायीसाठी मुदत कर्ज घ्या, म्हणजे काही वर्षांत हप्त्यांनी फेडायचं. किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालनालाही मिळतं, पण ते खाद्य-औषधासारख्या खेळत्या भांडवलासाठी.

आणखी एक, थोडक्यात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून दुधाचंही करमुक्त, हा गैरसमज आहे. दूध-कोंबड्यांचं उत्पन्न आयकरात शेतीउत्पन्न धरत नाहीत. गोठा मोठा असेल तर कर सल्लागाराला आधीच विचारा.

प्रशिक्षणाला भलताच माणूस पाठवणं

प्रकल्प अहवालाला जोडायला प्रमाणपत्र हवं म्हणून पुरुष येतात. माज ओळखते बायको, खाद्य मोजते ती, आणि ती घरी. दोघांनी या. दोघांना जमत नसेल, तर गोठ्यात जास्त वेळ जातो त्यानं या. आणि रिकाम्या हातानं येऊ नका. डेअरीच्या मागच्या सहा पावत्या आणि मेडिकलची बिलं पिशवीत घाला. प्रशिक्षकानं फळ्यावर काढलेला दहा गायींचा आदर्श गोठा आठवड्यात विसरला जातो, स्वतःच्या पावतीवरचा आकडा विसरत नाही.

वही आठवड्यात बंद पडते, काय करायचं?

ही तक्रार सगळ्यांचीच. बारा रकान्यांचा छापील तक्ता दिला की असंच होतं, त्यात दोष तुमचा नाही. शंभर पानी वही घ्या. एका गायीला एक पान, त्यावर फक्त तारखा. मागच्या बाजूला रोजचे तीन आकडे: डेअरीला किती, घरी किती, रोख किती गेली. चारा आणि मजुरी रोज लिहू नका, दहा दिवसांनी पावती आली की एकदाच अंदाजानं धरा. वही कपाटात नको. गव्हाणीजवळच्या खांबाला खिळा ठोका, वहीला सुतळीनं पेन्सिल बांधा. बॉलपेन ओल्या हातानं उठत नाही, पेन्सिल बरी. मध्ये चार दिवस राहिले तर मागचं आठवून भरू नका, जागा कोरी सोडा आणि आजपासून पुढं लिहा.