मृगाआधी माती बांध कसा तपासावा

आमचं शिवार मोहोळ तालुक्यात, सीनेच्या खोऱ्यात. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो बेतानं पडत नाही. जून-जुलै कोरडे जातात आणि परतीचा पाऊस एका रात्रीत ओढा भरून टाकतो.

एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. ओढ्यावर आडव्या घातलेल्या माती बांधाच्या वरच्या अंगाला ४० हेक्टर माळ असेल आणि निम्मंच पाणी वाहून आलं, तरी दोन कोटी लिटर होतं. बांधाच्या पोटात जागा असली की ते आधी तिथं थांबतं आणि उरलेलं सांडव्यावरून, म्हणजे जादा पाण्यासाठी बाजूला ठेवलेल्या वाटेनं, दमानं खाली जातं. पूर नाहीसा होत नाही, त्याचा जोर मोडतो. ओढ्यावर असे तीन-चार बांध ओळीनं असले तर खालच्या वस्तीला आवराआवर करायला वेळ मिळतो.

म्हणून सांडवा सगळ्यात आधी बघा. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी कधीच जाता कामा नये. आमचा बांध ऑक्टोबर २०२० मध्ये असाच गेला. दुष्काळ सोसलेली माणसं आम्ही, हातभर पाणी जास्त राहावं म्हणून सांडव्यात मातीच्या गोण्या रचल्या होत्या. मीही रचल्या होत्या. त्या रात्री माथ्यावरून आधी बोटभर धार पडली. मागच्या उतारावर तिनं चर पाडला, चराची घळ झाली आणि अर्ध्या तासात ट्रॅक्टर जाईल एवढं खिंडार. खालच्या रानातली नुकती उगवलेली मालदांडी ज्वारी मातीसकट गेली, उघडा मुरूम राहिला. आजही त्या तुकड्यात काही नीट येत नाही.

तेव्हा सांडव्यातली वेडी बाभूळ, गाळ, दगड काढा आणि तळ सपाट करा. मग गवंड्याची पाणनळी, म्हणजे पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन दोघांनी माथा मोजा. भराव मध्यभागी सगळ्यात उंच, म्हणून तिथंच जास्त बसतो आणि पाणी तिथूनच चढतं. डोळ्यांना तो खळगा दिसत नाही, नळीला दिसतो. आमच्याकडं मध्ये सव्वा फूट उतार निघाला होता. सांडव्यापासून माथा निदान एक मीटर उंच हवा. पाणलोट मोठा असेल तर जास्त, आणि ते इंजिनिअरकडूनच काढून घ्या.

पुढं भेगा. काळी माती उन्हात फाटते. बांधाच्या लांबीनं गेलेली भेगही भरायचीच, पण पाण्याकडून मागच्या बाजूला आरपार गेलेली भेग घातकी, कारण पाणी तिच्यातूनच वाट काढतं. वरून माती ढकलून बुजवू नका. भेग संपेपर्यंत खणा, ओलसर काळी माती वीतभर थरानं टाका आणि प्रत्येक थर धुम्मसानं ठोका. मूठ आवळली की गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, एवढाच ओलावा. उंदराची, खेकड्याची बिळं, वारुळं याच रीतीनं. भरावावर झाडाचं रोप दिसलं की लहानपणीच उपटा. मोठं झाड तोडलं तर मुळं कुजून आत पोकळ नळ्या होतात. हरळी मात्र राहू द्या, पेटवू नका, ती माती धरते.

गाळ काढला की पुराला जागा होते आणि तोच गाळ हलक्या रानाला सोनं. पण भरावाच्या पायथ्यापासून चांगली पंधरा पावलं सोडूनच जेसीबी लावा. पायथा उकरला तर भराव घसरतो. नीट राखलेली माती किती टिकते ते बघायला लांब जायला नको. हिप्परग्याचा एकरूख तलाव मातीच्या बांधाचा, १८७१ सालचा, आणि अजून पाणी धरून आहे.

पाणी साठलं की रोज सकाळी मागच्या पायथ्याशी चालत जा. थोडा पाझर असतोच. तिथलं पाणी काचेच्या बाटलीत भरा, तासभर ठेवा. पाणी नितळ राहिलं तर ठीक. तळाशी माती बसली तर बांध आतून वाहून चाललाय. ते भोक मागून चिखलानं बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड रचा. पाणी येऊ द्या, माती अडू द्या. सांडवा पूर्ण उघडा आहे ना बघा आणि तहसीलला फोन करा. पण दगड उचलण्याच्याही आधी एक पोरगं खालच्या वस्तीवर धाडा, माणसांना उठवायला आणि गुरांची दावी सोडायला.