मिश्र रस्त्यांवर रोज चालवायच्या सायकलसाठी परवडणारे टायर कसे निवडावेत

टायर घ्यायला गेलेल्या माणसाची नजर आधी नक्षीवर जाते, मग किमतीवर, आणि मापाचा विचार "सव्वीसचा द्या" एवढ्यावरच संपतो. वाटेत डांबर, मध्ये खडी आणि शेवटी मातीचा पट्टा असेल, तर हा क्रम नेमका उलटा हवा. आधी माप, मग रुंदी, त्यानंतर पंक्चररोधक थर आणि सगळ्यात शेवटी नक्षी पाहावी.

मापाबद्दल सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः इथेच फसलो होतो. माझ्या जुन्या सायकलच्या टायरवर २६ × १ ३/८ असे लिहिलेले होते. दुकानदाराने २६ × १.७५ चा टायर पुढे केला आणि "सव्वीस म्हणजे सव्वीस" असे सांगितले. मीही ते मान्य केले. घरी येऊन तासभर खटपट केली. टायरची कड एका बाजूने रिमवर चढवली की दुसऱ्या बाजूने निसटायची, पूर्ण काही चढेना. त्या झटापटीत टायर चढवायच्या दोन पट्ट्या मोडल्या आणि नवी ट्यूब चिमटून फाटली. दोष माझ्या हातात नव्हता. त्या रिमला ५९० मिलिमीटर व्यासाचा टायर लागत होता आणि मी आणलेला ५५९ चा होता. व्यासातला ३१ मिलिमीटरचा फरक परिघात जवळजवळ ९७ मिलिमीटर होतो, आणि कडेतली पोलादी तार तेवढी ताणली जाणे शक्य नसते.

म्हणून इंचातल्या मापावर अजिबात विसंबू नये. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत ३७-६२२ अशा स्वरूपाचे आकडे उमटवलेले असतात. तेच खरे माप. पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो आणि दुसरा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुन्या टायरशी तंतोतंत जुळलाच पाहिजे, तिथे एका मिलिमीटरचीही तडजोड करू नये. इंचांचा गोंधळ किती आहे पाहा: गणितात १.५ आणि १ १/२ एकच, पण टायरच्या जगात २६ × १.५ म्हणजे ५५९, तर २६ × १ १/२ म्हणजे ५८४. उलट ७००सी आणि २९ इंच ही नावे वेगळी असूनही दोन्हींचा व्यास ६२२ च असतो. जुन्या टायरवरचे आकडे झिजून गेले असतील तर रिमवर शोधावेत. तिथेही नसतील तर चाकच काढून दुकानात न्यावे आणि टायर तिथेच चढवून पाहावा. मोठ्या व्यासाचा टायर लहान रिमवर सहज चढतो, म्हणून तो बसला असे समजू नये. हवा भरताच तो निसटतो आणि ट्यूब फुटते.

रुंदीला मात्र थोडी मोकळीक असते. मिश्र रस्त्यासाठी ३५ ते ४२ मिलिमीटर ही रुंदी मला सर्वांत योग्य वाटते. त्याहून अरुंद टायर खडीवर हादरे देतो आणि त्यात हवा जरा कमी असली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते. अशा पंक्चरमध्ये शेजारीशेजारी दोन छिद्रे दिसतात. अधिक रुंद टायर घेण्याआधी सध्याचा टायर आणि फ्रेम, फोर्क, ब्रेक व मडगार्ड यांच्यामध्ये किती जागा आहे ते तपासावे. नवा टायर बसल्यावर ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की सगळीकडून मोकळेपणाने फिरली पाहिजे, नाहीतर चिकट माती किंवा अडकलेला खडा चाक रोखू शकतो.

पैसे थोडे जास्त खर्च करायचेच असतील, तर ते पंक्चररोधक थरावर करावेत. घडी होणारी कड वजन वाचवते, पण रोजच्या प्रवासात त्याचा फारसा उपयोग नाही. तारेच्या कडेचा टायर स्वस्त असतो आणि तितकेच काम देतो. प्रति इंच धाग्यांच्या संख्येवरून निवड करू नये, कारण काही टायरवर एकावर एक असलेल्या थरांचे धागे मिळून मोजलेले असतात.

नक्षीबाबत उंच गोट्यांचा, म्हणजे रबराचे ठळक उंचवटे असलेला, टायर घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो मला मुळीच पटत नाही. डांबरावर ते गोटे वाकतात, घरघरतात, लवकर झिजतात आणि पाय थकवतात. ओल्या रस्त्यासाठी खोल खाचा हव्यात हा समजही चुकीचा आहे. सायकलचा टायर अरुंद व गोलसर असल्याने सायकलच्या वेगात तो पाण्यावर तरंगत नाही, ओल्यात पकड रबराच्या गुणावर अवलंबून असते. मध्यभाग जवळजवळ सपाट आणि कडांना उथळ नक्षी, एवढे पुरे.

एकच टायर घेण्याइतके पैसे असतील, तर नवा पुढे लावावा आणि पुढचा सुस्थितीत असेल तर तो मागे घ्यावा. मागचा टायर लवकर झिजतो, त्यामुळे नवा मागेच लावण्याचा मोह होतो. पण पुढचा फुटला तर सायकल सावरणे फार कठीण जाते.

बाजूवर लिहिलेला हवेचा सर्वाधिक दाब ही मर्यादा असते, शिफारस नव्हे. ३७ मिलिमीटरच्या टायरसाठी ७० ते ८० किलो वजनाच्या माणसाने मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआयपासून (पौंड प्रति चौरस इंच) सुरुवात करावी आणि टायरवरच्या मर्यादेत राहून त्यात स्वतःच्या रस्त्याप्रमाणे बदल करावा.

टायर चढवताना त्याच्या बाजूवरच्या बाणाची दिशा पाहावी. थोडी हवा भरून चाक फिरवावे. रिमलगतची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती रिममध्ये बुडालेली दिसली, तर हवा सोडून तेवढा भाग हाताने बाहेर ओढावा, रेघ सरळ झाल्याची खात्री करावी आणि मगच पूर्ण हवा भरावी.