पेडलवर वीज नको, दळण करा

जुन्या सायकलच्या पेडलवर घरातील कामे करावयाची असतील, तर आधी वीज तयार करण्याचा मोह टाळावा. सर्वसाधारण प्रकृतीचा माणूस तासभर सलग सुमारे 75 वॉट एवढीच शक्ती देऊ शकतो, म्हणजे घामाघूम होऊनही जेमतेम युनिटचा तेरावा भाग हाती येतो; त्यातही डायनॅमो, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांत बरीच शक्ती वाया जाते. 500 वॉटचा मिक्सर त्यावर चालणार नाही, हे उघडच आहे.

याउलट, हाताने फिरवायच्या धान्यगिरणीची मूठ काढून तिच्या दांड्यावर दातेरी चक्र बसवले आणि ते साखळीने थेट पेडलच्या चेनव्हीलला (पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राला) जोडले, तर तीच शक्ती दळणाला पुरते. (ग्वाटेमालातील ‘माया पेडल’ ही संस्था जुन्या सायकलींपासून अशा गिरण्या बनवत आली आहे.) दोन्ही चक्रांचे दाते सारखे, उदाहरणार्थ 44, असावेत; गिरणीला 18 दात्यांचे फ्रीव्हील (सायकलच्या मागच्या चाकाचे छोटे दातेरी चक्र) लावल्यास ती जवळजवळ अडीचपट वेगाने फिरू पाहते, पेडल जड होते आणि पीठ तापते. पेडल सरळ वर-खाली आले की जोर तुटतो, तो झटका जाणवू नये म्हणून दांड्यावर एखादे वजनदार चाकही बसवावे. साखळीवर झाकण मात्र हवेच, कारण ओढणी किंवा पदर त्यात सहज अडकतो.