रामकाठी बाभूळ: शेंगा पडल्यात, बी आत्ताच धरा

बांधावर झाड लावा म्हटलं की पहिली हरकत सावलीची येते. साध्या बाभळीबाबत ती खरीच आहे. तिचा घेर पसरतो आणि त्याखालच्या चार-सहा तासांतली (पेरणीच्या ओळींतली) ज्वारी खुजी राहते. रामकाठीच्या फांद्या मात्र खोडाला धरून सरळ वर जातात, झाड उभ्या खराट्यासारखं दिसतं. सावली कमी, लाकूड सरळ. कोरडवाहू बांधासाठी मी तिचीच शिफारस करतो. वेडी बाभूळ आणि सुबाभूळ ही झाडं निराळी, नावावरून गल्लत करू नका.

वैशाखात करड्या, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा झाडाखाली पडतात. बी सरळ, निरोगी झाडाचंच धरा. शेंगा फार दिवस ठेवल्या तर भुंगा लागतो. भोक पडलेलं बी पाण्यात तरंगतं, ते टाकून द्या.

बियांचं कवच फार कठीण असतं, त्यामुळे नुसतं पेरलेलं बी महिनोन्‌महिने मातीत पडून राहतं. यावरचा उत्तम उपाय शेळीकडे आहे. शेंगा खाऊन ती रात्री रवंथ करते तेव्हा बरंचसं बी तोंडातून बाहेर टाकते. सकाळी वाडगं झाडताना लेंड्यांच्या कचऱ्यात चपटं, काळपट तपकिरी, गुळगुळीत बी हाताला लागतं. ते चाळून, धुऊन ठेवा. हे बी लवकर आणि चांगलं उगवतं. शेळ्या नसतील तर पाणी उकळून भांडं चुलीवरून उतरवा, त्यात बी टाका आणि 24 तास तसंच निवू द्या. फुगलेलं बी लगेच पेरा, न फुगलेल्याला पुन्हा तीच प्रक्रिया द्या.

मृगाचा पाऊस होऊन जमीन चांगली भिजली की बांधावर हाताएवढ्या अंतरावर दोन-दोन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल टोका. पिशवीतल्या रोपापेक्षा जागेवर टोकलेलं बी बरं, कारण सोटमूळ विनाअडथळा खाली जातं. काळ्या, चिबड (पाणी साचणाऱ्या) किंवा थोड्या खारवट जमिनीतही बाभूळ तग धरते, अगदी उथळ मुरमात मात्र खुरटते.

पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपा. रोपांभोवती काट्यांची फेसाटी रोवा. मोठ्या झाडाच्या काट्यांनाही न जुमानणारी शेळी कोवळा शेंडा एका घासात संपवते. दुसऱ्या वर्षी विरळणी करताना आडवी पसरणारी रोपं आधी काढा आणि 4-5 मीटरवर एक झाड राखा. झाडाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात.

शेंगा शेळ्या-मेंढ्यांना द्या, पण इतर चाऱ्यात मिसळून. त्यांत टॅनिन बरंच असतं, नुसत्या शेंगांवर जनावर ठेवू नका. डिंक उन्हाळ्यात मिळतो, त्यासाठी सालीवर खोल घाव घालू नका. लाकूड औतासाठी आणि गाडीच्या चाकांसाठी पूर्वीपासून नावाजलेलं आहे. ओंडके आधी काही आठवडे पाण्यात बुडवून, मग सावलीत वाळवून वापरले तर कीड कमी लागते. तोडण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात नियम विचारून घ्या.