कोयत्याला पाणी देताना या चुका टाळा

ट्रकचा जुना कमानपाटा भंगारात किलोवर मिळतो. गॅसची भट्टी आणि ग्राइंडर जमवला की कोयता घडतोही. पण बाभळीच्या पहिल्याच फांदीवर धार मुडपते, नाहीतर टवका उडतो. घणाचे घाव बहुधा ठीक असतात; घोळ असतो पाणी देण्याच्या, म्हणजे पातं लाल तापवून झटकन गार करून कडक करण्याच्या, आचेत.

भर उन्हात भट्टी लावू नका. उन्हात लाली फिकी दिसते, मग आपण गॅस वाढवत जातो आणि पोलादाचा कण जाड होऊन पातं ठिसूळ बनतं. लोहाराचा भाता अंधाऱ्या पडवीत असतो तो उगाच नव्हे. सावलीत नीट बघा: पातं तापताना लालीवरून एक काळसर छाया सरकते. ती पूर्ण विरली की पोलाद आतून बदललं. लोहचुंबक चिकटेनासा झाला की आच पुरे मानणारे इथेच फसतात. चुंबक 770 अंशांच्या आसपास सुटतो, पाट्याला मात्र साधारण 830 ते 860 लागतात. पांढऱ्या ठिणग्या फुटल्या तर तेवढा भाग जळाला, तो कापूनच टाका.

लोहार पाण्यात बुडवतो म्हणून आपणही अख्खं पातं गार बादलीत घालायचं, ही दुसरी चूक. तो फक्त धार बुडवतो, पाठ लाल असतानाच बाहेर काढतो आणि धार घासून पांढरी करतो. पाठीतली आच धारेकडे उतरते, तिथे गवती पिवळा रंग चढला की पुन्हा बुडवतो. ही नजर बसेपर्यंत 50-60 अंश कोमट तेल वापरा. कानस धारेवरून घसरली तर पाणी चढलं. मग ठिसूळपणा कमी करायला लगेच ओव्हनमध्ये 220 अंशांवर दोन तास. ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा मानू नका, आत वेगळा तापमापक ठेवा.

भट्टी बंद खोलीत नको, विषारी वायू साचतो.

ग्राइंडरचं काम पाणी देण्याआधीच उरका, पण धारेला दीड-दोन मिलिमीटर जाडी राखा. पातळ धार तेलात वाकते. नंतर मशीन लावलंच तर उघड्या बोटांनी पातं धरा, चटका बसला की पाण्यात. धार निळी पडली म्हणजे तिथलं पाणी उतरलं.

आता सुकी फांदी तोडून बघा. टवका उडाला तर ओव्हनमध्ये 20 अंश जास्त द्या. मुडपली, तर पुन्हा भट्टीपासून सुरुवात.