शाळा सुरू झाली की वीजबिल कुठून वाढतं आणि ते कसं आवरायचं

मे महिन्याचं बिल आलं की सगळे एसीला शिव्या देतात आणि जूनमध्ये पाऊस लागला की वाटतं चला, सुटलो. गेल्या वर्षी जुलैचं बिल बघून मी चक्रावलोच, एसी महिनाभर बंद, तरी युनिट म्हणावी तशी उतरलीच नव्हती. घरात दोन शाळकरी पोरं, साडेसहाची व्हॅन, बाहेर धो धो पाऊस. मग शोधायला बसलो तर निम्मा चोर मीच निघालो कारण आमच्याकडे इस्त्री माझ्याकडे आहे.

आधी मीटर बघायला शिका, बिल येईपर्यंत थांबू नका. डिजिटल मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा काहीतरी आकडा छापलेला असतो, ३२०० असेल तर तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. आमच्या मीटरवर साधा पंखा एकटा चालू असेल तर मिनिटाला चारेक वेळा लुकलुकतो, दोन हजार वॉटचा गीझर लावला की शंभराच्या वर. पोरांना मोजायला बसवा, त्यांना मजा येते आणि मग गीझर बंद कर म्हणून ओरडावं लागत नाही. एकदा रात्री सगळे झोपले की पण बघून या, काही चालू नसताना दिवा जरा जास्तच लुकलुकत असेल तर फ्रीज सोडून अजून काय चालू राहिलंय ते शोधा, आमच्याकडे सेट टॉप बॉक्स होता.

आता कपडे. खरा घोळ इथे आहे. पावसाळ्यात युनिफॉर्म वाळत नाही, दोनच जोड असतात, त्यातला एक चिखलात, मग रात्रभर पंखा लावून ठेवायचा आणि सकाळी पावणेसहाला ओलसर पँटवर इस्त्री घासत बसायचं, वाफ निघतेय आणि व्हॅनवाला खाली हॉर्न वाजवतोय. पाण्याची वाफ करायला वीज भयंकर लागते, एक लिटर पाणी उडवायला साधारण पाऊण युनिट, आणि इस्त्रीची निम्मी उष्णता तर इकडेतिकडेच जाते. तेच पाणी मशीनमध्ये फिरवून काढलं तर पाच मिनिटांच्या जादा स्पिनला युनिटचा अगदी किरकोळ भाग लागतो. म्हणून युनिफॉर्म एकदा स्पिन झाला की बाहेर काढा, झटका, परत घाला आणि अजून एकदा स्पिन करा, बास. मशीन नसेल तर पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दोघांनी दोन टोकं धरून पिळा, आई असंच करायची.

मग वाळत घालताना दोरीवर दुमडून नाही, हँगरवर. शर्टाची बटणं लावून, पँट कमरेकडून उलटी टांगून. युनिफॉर्मचं कापड बहुतेक टेरिकॉट असतं, ते असं टांगलं की जवळपास इस्त्रीशिवाय चालतं. पंखा लावायचाच असेल तर ज्या खोलीत माणसं पंख्याखाली झोपलीच आहेत तिथेच कपड्यांचा स्टँड ठेवा, रिकाम्या हॉलमध्ये फक्त कपड्यांसाठी नको, ७५ वॉटचा जुना पंखा आठ तास चालला की ०.६ युनिट, म्हणजे महिन्याला पंधरा-अठरा युनिट नुसत्या मोज्यांसाठी! खिडकी थोडी उघडी ठेवा नाहीतर ती दमट हवा खोलीतच फिरत राहते.

आणि कृपा करून मोजे फ्रीजच्या मागे वाळत घालू नका. जुन्या फ्रीजची मागची जाळी उष्णता बाहेर टाकायलाच असते, ती झाकली की बिचारा कॉम्प्रेसर चालतच राहतो. बुटांमध्ये रद्दीचा कागद कोंबा, दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत बरेच कोरडे होतात.

इस्त्री रविवारी एकदाच काढायची, आधी टेरिकॉट, मग तापमान वाढवून सुती, आणि बटण बंद केल्यावर उरलेल्या गरमीत रुमाल. रोज एकेका शर्टासाठी ती तापवणं हा शुद्ध मूर्खपणा होता, मी वर्षानुवर्षं केलाय.

गीझरचं गणित सरळ आहे. वीस लिटरची बादली २६ अंशांवरून ४० वर न्यायला पाव युनिटपेक्षा थोडं जास्त, साधारण एक तृतीयांश. चार माणसं म्हणजे महिन्याला चाळीसेक युनिट नुसत्या आंघोळीला. त्यात पोरं शाळेतून चिखलाने माखून येतात आणि संध्याकाळी परत गरम पाणी. मी म्हटलं सकाळची आंघोळ रद्द करू, तर आजीने पोरांना पारोसं शाळेत पाठवायला सरळ नकार दिला. मग तोडगा निघाला, सकाळी अर्धी बादली कोमट आणि संध्याकाळी नळाचं पाणी, जूनमध्ये ते काही इतकं गार नसतं. सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकायच्या, आणि शेवटचा माणूस आत जायच्या आधी गीझर बंद, टाकीत आहे तेवढं पाणी त्याला पुरतं. बिल्डिंगला सोलर असेल तर ढगाळ दिवसांत त्याचा विजेवरचा बॅकअप चोवीस तास चालू नाही ना तेवढं कमिटीला विचारा.

फ्रीजचं बटण मे महिन्यात सगळ्यांनीच वर नेलेलं असतं, बाटल्या आणि आंब्यांसाठी, पण ते खाली कोणीच आणत नाही. आत्ता उठून एक-दोन आकडे कमी करा. (विदर्भवाल्यांनो, तुमची शाळा जूनच्या शेवटी, तुम्ही कूलर गुंडाळल्यावर करा.)

गॅसचं थोडक्यात सांगतो. डब्यासाठी पाचला एकदा आणि जेवणासाठी अकराला परत कुकर लावण्यापेक्षा सकाळीच वरण, भात, बटाटे एकावर एक डबे रचून एकाच कुकरमध्ये, शिट्टी झाली की आच बारीक. छोले, राजमा रात्री भिजत घालायला विसरलात तर मात्र गॅस जाळण्यापेक्षा सरळ मेनू बदला.

एवढं सगळं कशासाठी तर स्लॅबसाठी. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे दर एकदम वाढतो, ३०० च्या पुढे अजून. बऱ्याच जणांना वाटतं १०१ झालं की सगळ्याच युनिटला जास्त दर लागतो, तसं नाही, वरच्या युनिटलाच लागतो. पण तुम्ही वाचवता ती युनिटही वरचीच असतात, म्हणजे सगळ्यात महागडी. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तुलना मे महिन्याशी नको, गेल्या वर्षीच्या जुलैशी करा.

आणि पोरगं अभ्यासाला बसलं की दिवा बंद कर, दिवा बंद कर म्हणून मागे लागू नका हो. वीस वॉटची एलईडी ट्यूब तीन तास म्हणजे ०.०६ युनिट, तेवढं तर तुमच्या एका ओल्या पँटच्या इस्त्रीत जातं.